वही उघडली की आदिनाथला काही येत नाही

कार्ले, गुरुवार

तीर्थरूप रतनआक्काच्या पायांशी धाकट्या कोंडाजीचा नमस्कार.

आम्ही इकडे सुखरूप आहोत असं लिहायची पद्धत आहे. पण 'आम्ही' म्हणजे सध्या मी आणि म्हैस, आणि म्हैस सुखरूप नाही, कारण ती माझ्या हाताला दूध देत नाही. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला? लोहगडवाडीला पाऊस झोडपतोय आणि तुझ्या टपरीवर पिठलं-भाकरीला ट्रेकरांची रांग लागलीय, असं आकाश सांगत होता (तुझा लेक आईचं कौतुक करतो, मामाबद्दल काय सांगत फिरतो ते मी विचारलं नाही). फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मला तिसऱ्या वाक्याला अडवतेस, आणि मला सांगायचंय ते त्याच्या बरंच पुढे आहे.

आपला सगळ्यांत धाकटा, आदिनाथ, वराळ्याला राहायला गेला त्याला तीन आठवडे झाले. छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच तो माझ्या नजरेआड राहतोय. त्या संस्थेचं म्हणणं असं की माणसाला समजायला वेळ लागत असला तरी मोठ्या माणसाला स्वतःच्या घराची किल्ली मिळाली पाहिजे, आणि मदत लागेल तेवढीच करावी. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत तो आणि चाकाच्या खुर्चीवरचा प्रदीप असे दोघं राहतात, आणि यशोधराताई म्हणून एक बाई येऊन-जाऊन लक्ष ठेवतात. महिनाभर बघायचं आणि मग कायमचं ठरवायचं. मी सही केली तेव्हा सगळ्यांसमोर म्हणालो, त्याच्या भल्यासाठी करतोय. मनात म्हणालो, चार दिवसांत परत येतोय. तो काही आला नाही. सकाळी रोपवाटिकेत कामाला जातो, किल्ली गळ्यात घालून हिंडतो, आणि आंघोळीलासुद्धा ती काढत नाही असं प्रदीप सांगतो.

मी पाच वेळा वराळ्याला गेलो. भेटायला नव्हे, बघायला. समोरच्या टपरीवर बसून त्यांच्या खिडकीवर नजर ठेवायची, कुणी ओळखू नये म्हणून तोंडाला मफलर (आषाढात!). या सोमवारी तिथल्या वॉचमननं मला हटकलं, कुणाकडं आलाय म्हणून. घाबरून मी म्हणालो, कुणाकडंच न्हाई. आक्का, याहून वाईट उत्तर जगात नसेल. त्यानं मला खुर्चीवर बसवलं, माझा फोटो काढला आणि 'या इसमास कोणी ओळखते का' असं लिहून इमारतीच्या ग्रुपवर टाकला. अर्ध्या तासात खाली बायकापोरं जमली. एका बाईनं तर मला मागच्या महिन्यात तिच्या गॅलरीत पाहिलंही होतं म्हणे. तेवढ्यात प्रदीपच्या फोनवर फोटो बघून आदिनाथ आला, आणि वॉचमनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आमचा थोरला भाऊ हाय. त्याला एकट्याला करमत न्हाई. सोडा, मी बघतो त्याच्याकडं." माझा हात धरून त्यानं मला गर्दीतून घरात नेलं. ओलांडायला रस्ता नव्हताच मधे, तरी धरला.

घरात गेल्यावर त्यानं आलं ठेचलं, गॅस पेटवला, चहा केला. प्रदीपला बिनसाखरेचा वेगळा. मी बघतच राहिलो. मग यशोधराताई आल्या, खुर्चीत बसून त्यांनी वही उघडली आणि म्हणाल्या, आदिनाथ, मलाही घोटभर करतोस का? झालं. त्याचे हात लुळे पडले. लायटर उलटा धरला. शेगडीकडे असा बघायला लागला की जन्मात पहिल्यांदा दिसली. प्रदीप ओरडला, "ताई, आत्ता केला यानं! कप बघा, गरम हाय अजून!" ताई म्हणाल्या, "माझा विश्वास आहे रे, पण मला एकदा तरी दिसू दे. तीन आठवडे हेच चाललंय. गॅस हाताळता येत नसेल तर दोघांना एकटं ठेवायची जबाबदारी संस्था घेणार नाही. रविवारी ठरवायचंय." आणि त्यांच्या खांद्यावरून आदिनाथनं माझ्याकडे बघून एक डोळा मिटला.

तो डोळा मिटला आणि मला बारा वर्षांपूर्वीचं अपंगत्वाच्या दाखल्याचं शिबिर आठवलं. तुला आठवत असणारच. येतंय ते दाखवलं तर टक्के कमी पडतात, असं सगळा मावळ एकमेकांना सांगत होता. म्हणून आदल्या दिवशी ओट्यावर बसवून मी त्याची तालीम घेतली. डॉक्टर वही उघडतील. सदऱ्याचं बटण लावायचं न्हाई. रुमालाची घडी घालायची न्हाई. वही मिटेपर्यंत तुला काय बी येत न्हाई. बिचारा रडवेला झाला, कारण घडी तो तुझ्यापेक्षा सुबक घालायचा. पण त्यानं ऐकलं. आपल्याला पन्नासाची आशा होती, पंचाहत्तर टक्के मिळाले, आणि तो मेरिटमध्ये आल्यासारखे मी गावभर पेढे वाटले. ते शिबिर संपलं, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. बारा वर्षं तो इमानानं, वही दिसली की, काही न येणारा माणूस होतोय. माझ्या शब्दाखातर.

ताईंना एक वाक्य सांगितलं असतं तर तिथेच मिटलं असतं. मी काय म्हणालो माहितीय? "बघा ताई, मी म्हणतच होतो." (म्हणालो आणि उरलेला चहा प्यायलो. त्यानंच केलेला.) परतताना कामशेतपर्यंत मला आनंद झाला होता, हे लिहिताना मान वर होत नाही. मी भावाला सांभाळतो यावर गावात माझा मान आहे. खरं तर म्हैस तो बघायचा, काडेपेटी कुठे आहे ते त्यालाच ठाऊक असायचं, आणि रोज माझ्याशी बोलणारा तो एकटाच होता. तो तिकडे रमला तर मी नुसता कोंडाजी उरतो. एवढ्यासाठी मी गप्प बसलो. मला माझी लाज वाटते, आक्का.

दाजींना नमस्कार, आकाशला आशीर्वाद.

तुझा,
कोंडाजी

ता. क. मंगळवारी आदिनाथला फोन करून सांगितलं की आता वहीसमोर सगळं करायचं. तो हसायलाच लागला. "भाऊ, परीक्षा घेतो व्हय माझी? मी न्हाई फसायचा." तीनदा समजावलं, तिन्ही वेळा तो आणखी खूश. शेवटी म्हणाला, आक्का सांगंल तरच. कारण शिबिरात तो रुमालाकडे हात नेई तेव्हा मागे उभं राहून चिमटा काढणारी तू होतीस. तेव्हा रविवारी दहाला टपरी बंद ठेवून वराळ्याला ये. ट्रेकर एक दिवस उपाशी गड चढतील.

ता. क. २. ताईंना शिबिराचं अजून सांगितलेलं नाही. काल त्यांच्या दारापर्यंत गेलो, पावसाविषयी बोललो, त्यांच्या पडद्यांचं कौतुक केलं आणि परत आलो. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही तर हे पत्र तूच मोठ्यानं वाच, आदिनाथच्या समोर.

ता. क. ३. फोन ठेवताना मी त्याला विचारलं, घरी यावंसं वाटतं का रे? "येईन की दिवाळीला," म्हणाला, "पाव्हणा म्हून." आक्का, तू आली नाहीस तर तो सोमवारीच येईल, पिशवी घेऊन, मी सांगितलेलं सगळं नीट पाळलं म्हणून खुशीत. तेव्हा त्याला दार कुठल्या तोंडानं उघडू?