शेवटची रांग

सर, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली आणि मीही आता तुमच्या तेव्हाच्या वयाला आले. आजवर तुमच्याशी मनातल्या मनातही बोलले नव्हते. काल लेकीच्या शाळेतलं नाटक पाहिलं आणि तेव्हापासून जिवाला थारा नाही, म्हणून लिहायला बसले.

कॉलेजच्या एकांकिकेत माझं काम एवढंच होतं, की वडील गेल्याची बातमी येते आणि मुलगी किंचाळते. ती किंचाळी मला जमत नव्हती. तालमीला तुम्ही खुर्चीवर उलटे बसायचात, खुर्चीच्या पाठीवर हनुवटी टेकून, आणि ओरडायचात, "ही किंचाळी न्हवं, शिंक हाय. परत!" सगळे हसायचे, मीही हसायचे. आम्ही तुम्हाला घाबरायचो आणि तुमच्यावर जीवही टाकायचो. तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात, की त्या दिवशी हुपरीला घरापर्यंत एसटीत उभं राहून जायला लागलं तरी काही वाटायचं नाही.

स्पर्धेच्या दिवशी दुसरी घंटा झाली. मी विंगेत उभी आहे. तुम्ही येता, खांद्यावर हात ठेवता आणि कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणता, "पोरी, हुपरीस्नं फोन आलता. तुझ्या वडिलांचं काय खरं न्हाय. प्रयोग झाला की गाडीनं पाठवतो." आणि तिसरी घंटा होते. पुढं मी काय बोलले, आठवत नाही. घसा फाटल्यासारखा झाला होता आणि टाळ्या थांबत नव्हत्या, एवढंच आठवतं. पडदा पडल्यावर अनवाणीच बाहेर पळाले, तर समोर वडील. इस्त्रीचा पांढरा सदरा, चांदीच्या पैंजणांचे सांधे जोडताना डाग देऊन देऊन भाजलेली बोटं आणि त्या बोटांत पेढ्यांचा पुडा. तुम्हीच त्यांना दारात गाठून शेवटच्या रांगेत बसवलं होतं आणि आधी पोरीला भेटू नका म्हणून सांगितलं होतं.

"काय ओरडलीस गं! अंगावर काटा आला की माझ्या," वडील म्हणाले. मी त्यांचं मनगट धरलं ते सोडेचना. "अगं सोड, पेढं सांडतील." तेवढ्यात तुम्ही आलात आणि सगळ्यांसमोर, अभिमानानं, काय केलंत ते सांगितलंत. मला वाटलं, आता वडील चिडतील. ते हसले, सर. हात जोडून म्हणाले, "तुमी लई नामी माणूस." सगळे हसले. बक्षीस मला मिळालं. त्या दिवशी माझं काय गेलं, ते मला बरंच उशिरा कळलं.

लग्न झालं, कॉलेज सुटलं, सासरी मंगळवार पेठेत आले. लेक अजून मांडीवर होती, तेव्हा एका दुपारी हे मोटरसायकलवरून गडहिंग्लजला गेले. मी भाकरी थापत होते. दीर दारात येऊन उभे राहिले. "वैनी, दादाचं काय खरं न्हाय." शब्दसुद्धा तेच. मी तव्यावरची भाकरी उलटली आणि विचारलं, "भावजी, कुठं बसवलंय त्यांना?" यांना घरी आणलं, आंघोळ घातली, उचललं, तरी मी दाराकडं बघत होते. डोळ्यांतून टिपूस नाही. बायका कुजबुजल्या, "दगड हाय बाई." हातात पुडा घेऊन हे हसत आत येतील म्हणून मी थांबले होते, हे कुणाला कसं सांगू?

पुढं वाचनालयातून पुस्तकं आणून वाचायला लागले. कुणी शिकवलं नाही, आपली आपणच. पण नाटकाच्या पुस्तकात कंसातलं 'रडते' आलं, की मी पान उलटते.

आणि गेल्या महिन्यात शाळेच्या मॅडम घरी आल्या. वयानं पोरच. चहाला हात न लावता म्हणाल्या, "ताई, नाटकात वडील गेलेल्या मुलीचं काम आहे. हिला देऊ का? तुम्ही नको म्हणालात तर नको." विचारतात? असं घरी येऊन विचारतात? मी लेकीकडं बघितलं. ती म्हणाली, "मी करते." तालमीला तिला रडू येईना, तेव्हा मी खिडकीशी उभी होते. आता ही बाई काय सांगणार? मॅडम तिच्याजवळ फरशीवर बसल्या. "नाही येत? मग नको रडूस. हातातलं ताट घासत राहा."

काल तिनं ताट घासलं. स्वच्छ झालेलं ताट घासतच राहिली. माझ्या शेजारची बाई तोंडाला पदर लावून रडत होती. सर, एवढंच करायचं होतं?

हे तुमच्या घरी धाडावं, तर तुमच्या पत्नी अजून भेटल्या की माझ्या त्या किंचाळीचं कौतुक करतात. त्यांना कशाला? ट्रंकेत राहू दे. पण एक सांगते. काल दिवे लागले, सगळे टाळ्या वाजवत लेकीकडं बघत होते, आणि मी मागं वळून शेवटच्या रांगेकडं बघत होते.