सागाचं जास्तीचं वळं

आबा, माझं काम नेमकं काय आहे, हे तुम्ही मला एकदाच विचारलंत. रोह्याच्या घरी, ओटीवर, शेवटच्या दुखण्यात पडून होतात तेव्हा. "तुजा काम काय हाय गो नक्की?" मी म्हटलं, "अणूंचं असतं काहीतरी. किचकट आहे, आबा." तुम्ही "बरं" म्हणालात आणि कुशीवर वळलात. त्याला अठरा वर्षं झाली. तेव्हा मी लाकडाकडे वळलेही नव्हते. आज माझ्या प्रयोगशाळेत कपाटं भरून लाकूड आहे आणि ते तुम्हाला माहीत नाही, याची मधूनमधून फार चुटपुट लागते. म्हणून आता सांगते, आणि तेव्हा सांगता आलं असतं तितक्याच सोप्या शब्दांत.

सूर्यावर कधीतरी, शेकडो वर्षांतून एखाद्या वेळी, प्रचंड भडका उडतो. त्यातून सुटलेले कण आपल्या हवेवर येऊन आदळतात आणि हवेत एका वेगळ्या जातीचा कार्बन नेहमीपेक्षा जास्त तयार होतो. झाडं हवेतूनच कार्बन घेतात आणि त्याचं लाकूड करतात. खोडात दर वर्षी एक गोल वळं वाढतं, त्यामुळे त्या वर्षीच्या वळ्यात तो जास्तीचा कार्बन अडकून बसतो, झाड मेलं तरी तिथेच राहतो. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या अशा दोन भडक्यांच्या खुणा जगभरच्या झाडांत सापडल्या आहेत. मी एकेक वळं सुट्टं करते, जाळते, यंत्रात घालून तो कार्बन मोजते. वळं हा शब्द तुमचाच. पुस्तकात त्याला वर्षवलय म्हणतात, पण माझ्या तोंडात अजून तो बसलेला नाही.

बांध फुटून आपल्या पेणच्या शेतात खारं पाणी शिरलं आणि तुम्ही शेत आणि मिठागरावरची मजुरी दोन्ही सोडून रोह्याच्या लाकडाच्या वखारीत लागलात, तेव्हा मी चार वर्षांची होते. त्यामुळे माझ्या आठवणीतले तुम्ही लाकडाचेच. शाळा सुटली की डबा न्यायला मी वखारीत येते. करवत थांबलेली असते, पण तिचा आवाज कानात चालूच राहतो. तुमच्या भुवयांवर भुसा. ओंडक्याच्या ताज्या कापावर तुम्ही पाणी शिंपडता, तळव्याने पुसता, आणि आतली वळी एकदम वर येतात. "ह्या साली पाऊस बरा होता. ह्या साली नाय झाला." तुम्हाला अक्षर वाचता येत नव्हतं. गावाहून चुलत्यांचं पत्र आलं की मी वाचून दाखवायचे, तुम्ही भिंतीला टेकून ऐकायचात. ओंडका मात्र तुम्ही मला वाचून दाखवायचात.

आठवीत असताना शाळेच्या प्रदर्शनासाठी तुम्ही मला सागाची एक चकती कापून दिलीत, स्वतः घासून, तेल लावून. मी टाचणीने वळी मोजली आणि पुठ्ठ्यावर लिहिलं, वय त्रेसष्ट वर्षे. प्रदर्शन बघायला तुम्ही वखारीतून तसेच आलात. बाहेरगावचे एक पाहुणे आणि मुख्याध्यापक माझ्या टेबलापाशी उभे होते, आणि तुम्ही मधून हात घालून चकती जवळ ओढलीत.

"बासष्ट हाय," तुम्ही म्हणालात. "हा एक खोटा हाय. अळी पडली असंल त्या साली. पानांची जाळी झाली, झाड थांबला, मग परत पालवला. एकाच वर्साची दोन वळी दिसतात."

"आबा, मी तीनदा मोजलंय."

"मोजून काय व्हतंय? बोट फिरव. खरा वळा पुरा फिरून येतो. ह्यो बघ, हितं विरला."

पाहुणे हसले. "पोरीनं वर्ष वाढवलं, बापानं कमी केलं!" मग मुलंही हसली. तुमच्या डोक्यावरचा भुसा माझ्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर सांडला होता. मी दबक्या आवाजात म्हटलं, "जा ना तुम्ही." तुम्ही गेलात. आणि मी बोट फिरवून बघितलं, आबा. वळं अर्ध्यात विरत होतं. मी पुठ्ठा बदलला नाही. त्या पुठ्ठ्यासकट मला पहिला नंबर मिळाला.

संध्याकाळी स्वयंपाकघरात तुम्ही पाटावर बसला होतात, आई भात वाढत होती, चुलीवर सुकटीचा वास. मी दारातूनच सांगितलं, "परत शाळेत येऊ नका." आईचा हात थांबला. "अगो, बापूस हाय तो तुजा." तुम्ही मान वर केली नाहीत. "नाय येत," म्हणालात आणि भात कालवलात. मला वाटलं होतं तुम्ही ओरडाल. ओरडला असतात तर दोन दिवसांत विषय संपला असता. दहावीला मी तालुक्यात वर आले, सत्काराला आई एकटीच आली, नवं लुगडं नेसून. आबा कुठायत विचारलं तर म्हणाली, "वखारीत. तुजा शब्द पाळतायत."

आता अलीकडचं. दोन वर्षांपूर्वी धरमतरच्या खाडीला लागून बांधाचं काम चालू होतं. गाळात खोलवर एक अख्खं खोड लागलं. माझा चुलतभाऊ तिथे होता, तो नागोठण्याला कंपनीत आहे, शिफ्ट सुटून आला होता. त्याने मला फोन केला, "काळा पडलाय, पन सडलेला नाय. तुजे कामाचा हाय का बघ." साग होता. डोंगरातून कधीतरी पुरात वाहत आलेला, आणि गाळात हवा न लागल्यामुळे टिकलेला. मी एका बाजूने पाचरीसारखा तुकडा कापून नेला. दोन्ही भडके त्यात सापडले, तेव्हा मी प्रयोगशाळेत खुर्चीवरून उठून उगाच खिडकीपर्यंत जाऊन आले. आपल्या खाडीतलं झाड, आणि त्यात ते दोन्ही!

पण त्या दोन भडक्यांमधली वर्षं मोजली, तर जगातल्या सगळ्या झाडांपेक्षा माझ्या सागात एक वर्ष जास्त येत होतं. मी पुन्हा मोजलं. माझ्या विद्यार्थिनीने मोजलं. तेवढंच. मग मी त्यावर एक उपपत्ती रचली, की आपल्याकडची झाडं पावसावर चालतात, म्हणून पहिला भडका त्यांच्यात एक वळं आधीच नोंदला गेला असेल. उपपत्ती चांगली होती. निबंध लिहून झाला, परदेशातल्या एका नियतकालिकाने तो घ्यायचंही ठरवलं. हे खरं ठरलं असतं, तर इतरांना आपली मोजणी पुन्हा तपासावी लागली असती. या वयात कुणाला मिळतं असं? मी बावन्न वर्षांची आहे.

छपाईआधीची शेवटची मुद्रितं तपासताना पाचरीच्या छायाचित्रात एका वळ्यापाशी माझी नजर अडली. सागाचं नवं वळं सुरू होतं तिथे मोठ्या छिद्रांची रांग असते. इथे छिद्रं बारीक होती आणि कड धूसर. इतर कुणाला ते खुपलं नसतं. मी मुद्रितं मिटून ठेवली, दोन दिवस दुसरी कामं केली, आणि तिसऱ्या दिवशी पेणला गेले.

उरलेलं खोड चुलतभावाने ओल्या गोणपाटात गुंडाळून अंगणात ठेवलं होतं. "अगो, आता काय शोधतेस त्यात?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "करवत आण. पुरी चकती पाहिजे." त्याने आणि शेजाऱ्याने मिळून ती कापली, मी घासली, पाणी शिंपडलं. मग ते वळं शोधून त्यावर बोट ठेवलं आणि फिरवत नेलं. माझ्या पाचरीच्या जागी ते स्पष्ट होतं. तिथून हातभर पुढे गेलं आणि शेजारच्या वळ्यात विरून गेलं.

"काय झाला?" चुलतभाऊ म्हणाला.

"एक जास्त मोजलं होतं."

"एवढंच ना? मग चा घेतेस?"

घेतला. अंगणात बसून सावकाश प्यायले. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. खरं तर बरंच हलकं वाटलं. परत आल्यावर निबंध मागे घेतला, ज्यांना तोंडी सांगून ठेवलं होतं त्यांना चूक कळवली. एक वळं वगळल्यावर आपला साग जगातल्या बाकीच्या झाडांशी नेमका जुळतो. आता त्यावर दुसरा निबंध होईल, साधा, चार पानांचा. त्याने कुणाला काही तपासावं लागणार नाही.

हे पत्र पाठवायचा प्रश्नच नाही. तुम्ही असतात तरी ते मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि पुठ्ठ्याच्या वाक्यापाशी मी नक्की अडखळले असते. पण एक गोष्ट अजून राहिली. पेणहून परतल्यावर विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, बोट फिरवून बघायचं हे तुम्हाला कुणी शिकवलं?" साधा प्रश्न. उत्तर जिभेवर होतं. आणि मी म्हटलं, "एका जुन्या पुस्तकात वाचलं होतं." तिने लगेच वही उघडली, नाव विचारलं. मी म्हटलं, आठवत नाही आता.

मुलगी चिकाटीची आहे, आबा. दोन आठवडे झाले, ती अजून ते पुस्तक शोधते आहे.