बिनशिंग्याला माझं आडनाव

४ मार्च
गॅलरीतल्या टबात शेणकिड्यांची जोडी सोडली. वाटाण्याहून लहान, पण नराच्या डोक्यावर काय ती शिंगं! बाप बोगद्यात शेण ओढून नेतो, आई गोळे वळते, एकेका गोळ्यात एकेक अंडं. पिल्लू तेवढंच खाऊन वाढतं. बायको म्हणाली, वासाने घास उतरत नाही. अशा घरात कसलं संशोधन होणार? डोकं फिरतं.
संकल्प: रोज सकाळी गोठ्यावरून ताजं शेण.

७ मार्च, सकाळ
गजर बंद केला. प्राध्यापकाने बादली घेऊन रस्त्याने मिरवायचं? कालच्याच शेणात पाणी घातलं.

१६ मार्च
शेणाची खपली झालीय. पाणी. गवळ्याने विचारलं, हल्ली दिसत नाही. म्हटलं, तुम्ही तुमचं दूध बघा.
बायको म्हणाली, टब तरी राहील नाहीतर मी. मीही आवाज चढवला. बहिणीकडे गेली. खुशाल जा!

२० एप्रिल
नवी पिढी बाहेर आली. बारकी, आणि एकाही नराला शिंग नाही! बापाशी काडीचं साम्य नाही. ही नवी प्रजातीच. नावात माझं आडनाव असणार. प्राचार्यांना सांगून घोषणेसाठी सभागृह ठरवलं. नमुने म्युझियमला पाठवले. डिपार्टमेंटमधल्या नव्या मॅडमनी विचारलं, पण सर, आईबाप तर तेच ना? नुसता जळफळाट!

२८ एप्रिल
बिनशिंग्याचे प्रताप. शिंगवाला बोगद्याच्या तोंडाशी पहारा देतो. हा बाजूने भुयार खणून थेट मादीपाशी. निर्लज्ज! अरे, माझं आडनाव लावणार आहेस तू.

९ मे
म्युझियमच्या तज्ज्ञबाईंचा मेल. नवी प्रजाती वगैरे काही नाही. कित्येक देशांत सापडणारा साधा शेणकिडा. पिल्लाला भरपूर शेण मिळालं तर शिंगं येतात, उपासमार झाली तर नाही. शेवटी नम्रपणे विचारलंय, आपण खायला काय घालत होता?
अपमान! बाईंना कडक उत्तर लिहिलं. पाठवलं नाही. सभागृह रद्द करायला प्राचार्यांना फोन केला. ते हसले. माणसं नीच असतात.

९ मे, संध्याकाळ
न राहवून बायकोला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, पोटाला घालायचं नाही आणि नाव मात्र लावायचं, असंच ना?
तिने फोन ठेवून दिल्यावर लक्षात आलं, की तिला परत ये म्हणायचं राहिलंच.
उद्यापासून ताजं शेण. गजर लावला आहे.