ऐकलेलं पाणी

मास्तर, तुम्ही आम्हाला दाखवलेला तो हौद परवा बुजवला. तिथं आता दुकानांचे गाळे होणार आहेत. हे तुम्हाला कळवायला हवं असं वाटलं, आणि कळवायला तुम्ही नाही, हे इतक्या वर्षांनी पुन्हा नव्यानं जाणवलं.

रविवारी सकाळी तुम्ही आमचा वर्ग घेऊन निघायचात. पुस्तकात दिल्ली होती, हैदराबाद होतं, जालना कुठंच नव्हतं, म्हणून. वेशीच्या कमानीतून बाहेर, कुंडलिकेच्या पात्रातून, पार मोती तलावाच्या बांधापर्यंत. तलावाचं पाणी जुन्या काळी जमिनीखालून मातीच्या नळांनी शहरात आणलं होतं. त्या वाटेला सगळे नहर म्हणत. वरून काही दिसायचं नाही. फक्त बाभळीत, कुणाच्या परसात, मशिदीमागे एखादा पोकळ दगडी खांब उभा असायचा, नहरेची हवा सुटायला. लोक त्याला म्हशी बांधत. तुम्ही म्हैस बाजूला करायचात, खांबाच्या भोकाला कान लावायचात आणि आम्हाला रांगेत बोलवायचात. "बिलकुल आवाज करू नका रे. पानी चाल्लंय खालून." मुलं एकमेकांना ढकलतात. कुणी म्हणतं, "मास्तर, ही तर म्हैस घोरून राह्यली." तुम्ही हसता. मी रांगेत शेवटी उभा आहे, कारण मी नेहमीच शेवटी असतो. आमच्या वस्तीतून त्या शाळेत आलेला मी एकटाच. माझी पाळी येते तेव्हा तुम्ही म्हणता, "सावकाश ऐक. घाई न्हाई." दगड गार आहे. आत खोल कुठंतरी बारीक आवाज चालला आहे. ऐकायला मला कुणी मनाई केलेली नाही.

नहर संपायची तिथं तो हौद होता. चारी बाजूंनी उतरत्या पायऱ्या, काठावर चिंच. वरच्या पायरीवर उभं राहून तुम्ही सांगितलंत, "हे कुन्या एकाच्या घरचं न्हाई. समद्या गावाचं हाय." मी ते तसंच्या तसं घेतलं. मुलं खाली उतरून ओंजळीनं पाणी प्यायला लागली तसा मीही उतरायला लागलो, आणि दुसऱ्याच पायरीवर तुम्ही मागून माझं मनगट धरलंत. "मागं फीर," हळूच म्हणालात. चिंचेखाली काही माणसं बसली होती. त्यांनी पाहायच्या आत तुम्ही मला वर घेतलंत. रागावला नव्हतात. त्या दिवशी तुम्हीही पाणी प्यायला नाहीत, उन्हातून तसेच शाळेपर्यंत आलात. बाकीच्यांच्या ते ध्यानात आलं नाही, माझ्या आलं. ती तुम्ही मला दिलेली सोबत होती की नुसती लाज, हे मी कितीदा तरी स्वतःला विचारलं आहे. सोबत होती असं मानून मी इतिहास शिकलो. आज तीच गोष्ट मला खात्रीनं सांगता येत नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी औरंगाबादला शिकत होतो. नंतर आम्ही बौद्ध झालो. मी कॉलेजात शिकवायला लागलो, आणि रविवारी मुलांना घेऊन त्याच वाटेनं जायला लागलो. मग मोठा दुष्काळ पडला. तलावाचा तळ उघडा पडला, हौद आटला. पुढं पाऊस आला, तलाव भरला, पण खांबातला आवाज काही परत आला नाही. नळ कुठंतरी फुटले असावेत. हौदात लोक केरकचरा टाकू लागले, आणि मोहल्ल्याच्या कमिटीनं तो बुजवायचं ठरवलं. माझे दोन जुने विद्यार्थी घरी आले. "सर, तुम्ही बैठकीत बोला. तुमचं ऐकतील."

ते गेल्यावर आई चुलीपुढून म्हणाली, "बुजू दे की. काठावर ताटकळून, वरून कुनी ओतलं तर हंडा भरायचा, असं पानी घेतलं आपुन तिथं. आन् तू चाल्ला त्या दगडांची वकिली करायला. सोयरे हायेत का तुझे?" भाकरी उलटून ती पुन्हा म्हणाली, "चिंच तेवढी तोडू नका म्हनाव. तिच्या सावलीतून मला कुनी हाकललं न्हाई."

बैठकीत मी चांगला बोललो. नहर कशी आली, दगड कुठला, बांधणी कशी, सगळं सांगितलं. शेवटी तुमचंच वाक्य म्हणालो, हे सगळ्या गावाचं आहे. तेव्हा मागं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "सर, समदं बराबर हाय तुमचं. पर त्या हौदाचं पानी तुमी कधी पेल्ते का?" त्याच्या मनात काही नसेलही. कदाचित पाणी गोड होतं एवढंच त्याला सांगायचं असेल. पण सगळ्यांना उत्तर ठाऊक होतं. कुणीतरी हसलं, कुणीतरी त्याला गप्प बस म्हणालं. हो म्हणणं खोटं होतं. नाही म्हटलं असतं तर मी कुणाच्या हौदासाठी भांडत होतो? मी खाली बसलो. चिंचेचा विषय काढायचा राहूनच गेला.

चिंच आधी पडली. मग मुरमाचे ट्रक आले. त्याआधी सकाळी मी जाऊन आलो. मला अडवायला काठावर कुणी नव्हतं. सगळ्या पायऱ्या उतरून तळाशी गेलो, वाकून हात टेकला. फुटक्या खापऱ्या होत्या, वाळलेला गाळ होता. वर आलो आणि पहिला ट्रक रिकामा होईपर्यंत थांबलो. आईनं संध्याकाळी विचारलं, तेव्हा चिंच तोडल्याचं तिला सांगितलं. तिनं चुलीतली लाकडं मागं ओढली.

तिला एक गोष्ट सांगितली नाही. तो मुरूम धडधडत खाली गेला, धूळ उडाली, तेव्हा आधी मला बरं वाटलं, मास्तर. तुमची आठवण त्यानंतर आली. तुम्ही असतात तरी हे पत्र मी लिहिलं असतं. पाठवलं नसतं.