बाबा झोपलेत

आई, तुला आणि बाबांना नमस्कार.

मी ठणठणीत आहे, युकाचे कंद पोटभर खाते. नव्या तापाने किती माणसं दगावतात ते काढायला आम्ही होडीने नदीकाठची घरं फिरतोय. आजाऱ्यांत शंभरी पाचच दगावलेली निघाली, म्हणून राजधानीतले साहेब खूश आहेत.

काल ओफेलियाकाकूंकडे गेले. "हळू बोल गं, म्हातारा झोपलाय," म्हणाल्या. तापाने पडला असेल म्हणून मी त्याला आजाऱ्यांत धरलं. निघताना पाहिलं, तर जाळीचा झोपाळा रिकामाच हलत होता आणि खाली वाफाळती कॉफी ठेवलेली.

प्रार्थनेच्या रात्री सरेपर्यंत आपल्यात गेलेल्याला 'झोपलाय' म्हणतात, हे मीच कशी विसरले? आता पुन्हा दारोदार जातेय.

तू लिहिलंस, 'बाबा झोपलेत, काळजी करू नकोस.' आई, दोन ओळी बाबांच्या हातच्या धाड.

तुझी नेलिदा