रेंज गेली नव्हती

तीर्थरूप आई,

दोहाहून तुझ्या शिवप्रियाचे शरणु शरणार्थी.

मी ठीक आहे. तू दिलेली कडक भाकरी अजून पुरतीय. पत्र बघून घाबरू नकोस. आप्पा फोन स्पीकरवर ठेवतात, म्हणून शेजारच्या दगडाबाई मावशींच्या पत्त्यावर लिहितेय.

आमच्या विणकामाच्या ऑनलाइन ग्रुपचं तुला सांगितलंय ना? कुणी चिलीची, कुणी केनियाची. रोज स्वयंपाक, सासू, लेकरं, ह्याच गप्पा. काल मी सहज लिहिलं, "माझे वडील म्हणजे माझ्या आईचे सख्खे मामा." आपल्या नळदुर्गात ह्याचं काय नवल? पण आई, सगळा ग्रुप गप्प! मला लई राग आला. आमच्यात चालतं, म्हणून ठणकावून सांगितलं.

मग चिलीच्या मारिसोलनं एवढंच विचारलं, "तुझ्या आईला विचारलं होतं का?"

हातातलं विणकाम मी खाली ठेवलं. एवढी वर्षं तुझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपले, पण हे कधी मनातसुद्धा आलं नाही. आता मी विचारते. विचारलं होतं का गं तुला कुणी? मावशींच्या फोनवरून बोल.

गुडघा कसा आहे? तेल लावतेस ना? आपल्या धाकट्या भुवीची परीक्षा कशी गेली?

भुवीला बसवेशमामाला द्यायचं ठरलं, असं आप्पांनी फोनवर सांगितलं, तेव्हा मीच हसून म्हणाले, "बरं झालं, पोरगी घरातच राहील." तू काहीच बोलली नाहीस. मला वाटलं, रेंज गेली.

तुझी आणि भुवीची,
शिवप्रिया