मेणबत्तीचं थोटूक

४ मार्च

इस्त्रीचं टेबल हलतं. त्याच्यावर लाकूड तासायचं म्हणजे पळत्या घोड्यावर बसून दाढी करणं! पण हलेना का. दुकानातल्या कुठल्याही वस्तूला आता हात लावायचा नाही, हे ठरलं ते ठरलं. सुतारकामाचं दुकान आता धाकट्या भावाचं, यंत्रं धाकट्याची, हत्यारंही त्याचीच. वडिलांची होती – असू देत.

भंगारवाल्याकडून एक करवत आणि एक पटाशी आणली. बाकीचं घर देईल.

५ मार्च

सकाळपासून पुन्हा तेच डोळ्यांसमोर. लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

औषधवाल्याच्या दुकानातलं भिंतीचं कपाट कोसळलं. बाटल्यांचा चुरा, सगळीकडे चिकट पाणी. ते कपाट धाकट्यानं केलेलं. सरस पुरता वाळायच्या आत गाडीवर चढवलेलं. मी तेव्हाच म्हणालो होतो – ‘अरे, अजून एक रात्र दाबात राहू दे.’ ‘दादा, तुझ्या रात्री संपेपर्यंत गिऱ्हाईक म्हातारं होतं!’ हे त्याचं उत्तर.

औषधवाला तणतणत दुकानात आला. धाकट्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, ‘दादाच्या हातचं होतं ते. त्याचे डोळे आता साथ देत नाहीत. यापुढे मी जातीनं बघीन.’

मी दोन हातांच्या अंतरावर उभा. हातात वडिलांचा रंधा.  रंधा मेजावर ठेवला, चपला घातल्या, निघालो. त्यानं हाकही मारली नाही.

सांधा त्याचा उघडला आणि नाव माझं गेलं! वर औषधवाल्यानं नव्या काउंटरचं कामही त्यालाच दिलं. ‘निदान भाऊ तरी हुशार आहे,’ असं म्हणाला म्हणे.

देवा, तू होतास ना तिथं? ऐकलंस ना?

८ मार्च

कामं येऊ लागलीत. मोडक्या खुर्च्या, निसटलेले खण, शाळेतल्या निवृत्त बाईंची झुलती खुर्ची. सांधे दाबून धरायला शिकंजे नाहीत. सायकलची फाटकी ट्यूब पट्ट्या करून कापली, सांध्याभोवती करकचून गुंडाळली – लोखंडी शिकंज्याच्या थोबाडीत मारेल अशी धरते. फळीवर वजन म्हणून पिठाचा डबा. वळणदार पाय घासायला लाटण्याला पॉलिश पेपर गुंडाळला. सुटलेल्या पापुद्र्याखाली सरस घालायला आईच्या इंजेक्शनची वापरून टाकलेली सुई. बाटलीत अर्धं पाणी भरून आडवी ठेवली की सपाटी बघायला पाणसळ तयार.

खुर्चीच्या पाठीला खोक पडली होती. ओलं फडकं ठेवून त्यावर गरम इस्त्री फिरवली. लाकूड वाफेनं फुगून वर आलं. जखम भरल्यासारखं! लाकडाला हे जमतं.

ही स्वयंपाकघरातून ओरडली, ‘अहो, माझी चाळणी?’

‘पॉलिश गाळतोय.’

‘आणि लाटणं?’

‘ते… आता कामावर लागलंय.’

‘उद्या मलाही खुंटीला टांगा आणि माझ्याकडून काहीतरी घासून घ्या!’ आईला हसू आवरेना. मलाही.

इस्त्रीच्या टेबलाचं एक बरं आहे. उलटं फिरवलं की डाव्या हाताला सोयीचं होतं. वडिलांच्या मेजाला लाकूड पकडायचा शिकंजा डाव्या टोकाला ठोकलेला, उजव्या हातानं काम करणाऱ्यांसाठी. मी घराण्यातला एकटा डावखुरा. गावच्या शाळेत गुरुजींनी पट्टी मारून मारून लेखणी उजव्या हातात दिली, म्हणून ही वही उजव्या हातानं लिहितो. करवत मात्र डाव्यातच राहिली. जन्मभर त्या मेजाशी अंग मुरडून उभा राहिलो. त्याबद्दल कधी कुणी विचारलं नाही. मीही बोललो नाही.

११ मार्च

धाकटा आला होता. आईला बघायला – म्हणे! आईजवळ पाच मिनिटं बसला आणि उठून माझ्या खोलीच्या दारात. सायकलच्या ट्यूबा, पिठाचा डबा, लाटणं, सगळं डोळे भरून पाहिलं. मग इस्त्रीच्या टेबलाला हात लावून हलवलं.

‘दादा, हे तुला कमरेपर्यंत येतं का रे? वाकावं लागत असेल.’

टिंगल! गिऱ्हाइकांसमोर आंधळा ठरवून झालं, आता म्हातारा वाकतो कसा हे बघायचंय. मी वर न बघता म्हणालो, ‘तुझ्या उंचीची माणसं वाकत नाहीत. वाकवतात.’

त्यानं टेबलावरचा हात काढून घेतला. तसाच निघून गेला. तो गेल्यावर आई म्हणाली, ‘एवढं तोडून बोलायचं असतं का रे?’ आईला काय सांगू! तिच्या लेखी तो अजून शेंबडाच आहे.

१३ मार्च

धाकट्यानं पुतणीच्या हाती वडिलांचा रंधा पाठवला. फडक्यात बांधलेला, पातं पाजळलेलं. ‘काका, बाबांनी दिलाय.’

परत पाठवला. माझी वस्तू मला भीक म्हणून नको.

पोरीचा चेहरा एवढासा झाला. तिचा काय दोष. तिला गूळ दिला. पण रंधा ठेवून घेतला नाही.

१७ मार्च

आईच्या औषधांच्या पेटीचं झाकण निघालं होतं. छोटंसं काम, म्हटलं देवासमोर बसल्या बसल्या उरकू. सरस लावला, ट्यूब गुंडाळली. सकाळी सोडलं तेव्हा घट्ट वाटलं, आईनं दोनदा उघडलं तर झाकण हातात! पुन्हा केलं, पुन्हा तेच. माझा सांधा सुटला? माझा? क्षणभर वाटलं, धाकटा खरं बोलला की काय. डोळे गेले की काय.

मग कडेवरून नख फिरवलं. मेण. देवासमोरची मेणबत्ती ओघळली होती त्या कडेवर. दिसत नाही, हाताला जेमतेम गुळगुळीत लागतं. पण मेण लागलं की सरस लाकडात शिरतच नाही. वरवर बसतो, धरल्यासारखा दिसतो, आणि चार दिवस वापर झाला की सोडून देतो.

करवतीला मेण चोळतो आपण, सरसर चालावी म्हणून. स्क्रूला चोळतो. सांध्याला मेण – हे कुणी कधी केलं नसेल.

१८ मार्च

कुणी कधी केलं नसेल.

२० मार्च

प्रार्थनेला बसलो. उठलोच नाही बराच वेळ.

काय मागायचं तेच ठरेना. त्याचं वाईट कर, असं मागवत नाही. त्याच्याच बापाची शपथ घालून मागायचं म्हटलं, तर बाप माझाही तोच. शेवटी म्हणालो, देवा, तू त्याचं काही करू नकोस. फक्त मध्ये पडू नकोस. त्याचा सांधा त्याच्या नावानं उघडू दे, एवढंच. औषधवाल्याच्या काउंटरवर माणसं टेकतील, लहान मुलं लोंबकळतील, आणि एक दिवस भर दुपारी, भर गर्दीत ते बसकण मारेल. तेव्हा दाखवायला दादा नसेल तिथं. तेव्हा तो कुणाकडे बोट करतो, ते मला बघायचंय.

उत्तर आलं नाही. मी ते संमती धरलं.

उठताना मेणबत्तीचं थोटूक उचलून खिशात टाकलं. विझलेलं होतं. विझलेलं देवाचं नसतं, असं मनाशी म्हणालो.

२२ मार्च

झालं!

दुकानात गेलो. निमित्त केलं माझ्या जुन्या चष्म्याचं. डोळे साथ देत नाहीत ना माझे! धाकटा माल पोचवायला बाहेर. पुतणी एकटी, अभ्यास करत बसलेली. ‘काका! बसा ना. बाबा येतीलच. पाणी आणते.’

ती आत गेली. कोपऱ्यात जुन्या चादरीखाली काम झाकून ठेवलेलं. चादर उचलली. चार पाय, जाडजूड. फळ्या सुरेख रंधलेल्या. सांध्याची टोकं कापून तयार, सरस अजून लागायचा होता. काउंटरला इतके जाड पाय कशाला? दिखाऊपणा, दुसरं काय. पण कापलं होतं मात्र हातानं. यंत्रानं नाही. करवतीच्या रेघा ओळखतो मी. वडिलांनी शिकवलेला सांधा, तंतोतंत. एरवी त्याचं मन लागत नाही असल्या कामात. औषधवाल्यासाठी बरा वेळ काढला! ते बघून जास्तच चिडलो.

थोटूक काढलं. प्रत्येक टोकावर चारी बाजूंनी चोळलं, अंगठ्यानं घासून जिरवून टाकलं. डाव्या हातानं.  खोटं कशाला लिहू, देवळात उभं राहिल्यावर हात जसे आपोआप जुळतात तसा तो चालला.

चादर पुन्हा होती तशी. पाणी घोट घोट पिऊन संपवलं. पुतणी म्हणाली, ‘काका, तुम्ही परत या ना दुकानात. बाबा एकटेच बडबडतात.’

‘कुणाशी?’

‘मेजाशी.’

हसलो. चष्मा तिथं नव्हताच, घरी होता. ‘सापडला तर पाठव हं,’ म्हणून आलो.

२३ मार्च

झोप छान लागली. त्याचंच नवल वाटतं.

२६ मार्च

औषधवाल्याच्या दुकानावरून मुद्दाम गेलो. जुनंच काउंटर अजून. पोचलं नाही वाटतं. धाकट्याला यावेळी घाई नाही! शहाणपण सुचलं म्हणावं. सरस रात्रभर दाबात ठेवत असेल. ठेव बाबा, हव्या तितक्या रात्री ठेव.

औषधवाल्यानं मला पाहून मान फिरवली नाही. उलट काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मीच पुढं निघालो. त्याचं बोलणं ऐकायची वेळ यायची आहे अजून.

२८ मार्च

बाईंची झुलती खुर्ची पोचती केली. बाई बसल्या, डोळे मिटून झुलल्या, म्हणाल्या, ‘आवाज गेला हो! दहा वर्षं कुरकुरत होती. कशानं केलंत?’

मी म्हणालो, ‘सायकल, इस्त्री आणि बायकोचं लाटणं.’

बाई इतक्या हसल्या की खुर्ची पालथी व्हायची. घरी येईपर्यंत मीही हसत होतो. मग आठवलं, हे सांगायला पहिला माणूस धाकटा असायचा. रोज संध्याकाळी दुकान झाडताना दिवसभरातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करायचा तो. भुशात लोळायचो हसून.

असो. ज्याचं त्यानं तोडलं.

३० मार्च

आई देवासमोर काहीतरी चाचपडत होती. ‘इथं मागचं एक थोटूक होतं, ते कुठं गेलं रे? एक दिवस चाललं असतं अजून.’

‘करवतीला चोळलं.’

‘देवासमोरचं?’

‘विझलेलं होतं, आई.’

‘विझलं म्हणून काय झालं,’ एवढंच म्हणाली. नवीन लावली.

आज प्रार्थनेला बसलो. सांध्यावरचं मेण पुसता येतं का, हा विचार मनात आला. स्पिरिटनं येतं, सरस लागायच्या आधी. आता जोडून झालं असेल. आणि पुसायचं तरी कशाला? त्यानं माझं नाव पुसताना विचार केला होता?

नाही. होऊ दे.

२ एप्रिल

दुपारी दारात टेम्पो. धाकटा आणि पुतणी उतरले, मागून दोन हमाल. चादरीत गुंडाळलेलं काहीतरी खोलीत आणून ठेवलं. माझं इस्त्रीचं टेबल धाकट्यानं स्वतः उचलून बाजूला केलं. हिच्याकडे दिलं, ‘वहिनी, हे तुमचं. सुटलं बिचारं.’

चादर काढली. कामाचं मेज. चार जाडजूड पाय. कमरेच्या उंचीचं – माझ्या कमरेच्या.

पुतणी म्हणाली, ‘काका, शिकंजा उजवीकडे आहे. बाबा म्हणाले, काकांना उलटं लागतं. आजोबांना कधी कळलंच नाही.’

धाकटा खाली बघत होता. ‘औषधवाल्याला मागेच सांगून आलो, दादा. कपाट माझं होतं म्हणून. काउंटर आता तूच कर. मी नाही म्हटलं.’ मग एकदम, ‘सगळं हातानं केलंय. तू म्हणायचास तसं रात्र रात्र दाबात ठेवलं. बघ ना – हलतंय का.’

सगळे माझ्याकडे बघत होते. मी डावा हात ठेवला आणि जोर दिला.

हललं नाही. आज नाही.